उशाशी ठेवावयाची वही

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या वस्त्यांतील कालपरवापर्यंत चालतीबोलती असलेली माणसे हातापायांतले बळ ओसरून जेव्हा एकामागून एक इस्पितळांत दाखल होऊ लागली, तेव्हा गुलेन-बॅरी या व्याधीच्या नावापाठोपाठ एका औषधाचे नावही घरोघर जाऊन पोचले. शिरेतून द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘आयव्हीआयजी’, हे ते औषध होय. त्याच्या बाटल्यांसाठी नातलगांनी केलेली धावाधाव, त्यासाठी जमवलेले पैसे, आणि एवढ्या सायासाने मिळवलेले औषध प्रत्यक्ष शिरेत उतरू लागल्यावर रुग्णास भरलेली हुडहुडी पाहून उडालेली घाबरगुंडी, या साऱ्यांची हकिकत त्या दिवसांत पुष्कळांनी सांगितली. मी व्यवसायाने डॉक्टर आहे. परंतु या औषधाची पुरी ओळख मला झाली ती वॉर्डात फेरी मारताना नव्हे, तर काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावास याच व्याधीने गाठले असता त्याच्या उशाशी काढलेल्या पाच रात्रींत. त्या रात्रींत मी एक वही ठेवली होती. औषध केव्हा सुरू झाले, किती वेगाने चालले, केव्हा काय झाले, हे सारे तीत घड्याळ पाहून लिहिलेले होते. आणि आज जे सांगावयाचे आहे ते त्या वहीच्या आधारेच सांगणे मला सोयीचे वाटते, कारण या औषधाच्या बहुतेक दुष्परिणामांचा स्वभावच असा आहे की ते वेळ धरून येतात. कोणता त्रास पहिल्या अर्ध्या तासाचा, कोणता दुसऱ्या रात्रीचा आणि कोणता दुसऱ्या आठवड्याचा, हे ज्यास ठाऊक आहे तो निष्कारण भीत नाही आणि भ्यावे तेथे गाफीलही राहत नाही.

हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. निदान हजार, आणि बहुधा त्याहून कितीतरी अधिक, रक्तदात्यांचा रक्तद्रव एकत्र करून, त्यातील प्रतिपिंडे निवडून व शुद्ध करून ते सिद्ध केले जाते. अमेरिकेतील ऑग्डेन ब्रुटन या लष्करी डॉक्टरांनी १९५२ साली ज्या बालकाच्या रक्तात ही प्रतिपिंडे मुळी तयारच होत नव्हती त्यास ती बाहेरून टोचून दिली, तेव्हापासून या उपचाराचा इतिहास सुरू होतो. तेव्हाचे औषध शिरेत देण्याजोगे नव्हते. पुढे ते तसे झाले, आणि १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पॉल इम्बाख यांनी रक्तातील प्लेटलेट घटलेल्या मुलांवर त्याचा गुण दाखवून दिल्यावर, केवळ उणीव भरून काढणारे हे द्रव्य शरीराने स्वतःवरच उगारलेला हात आवरण्याच्या कामीही येते, हे वैद्यकाच्या ध्यानी आले. आज गुलेन-बॅरी, लहान मुलांचा कावासाकी आजार, जन्मजात प्रतिकारशक्तीची उणीव, स्नायू व मज्जातंतूंचे काही दीर्घ विकार, अशा अनेक ठिकाणी त्याचा उपयोग होतो.

आता मात्रेचा हिशेब पाहावा, कारण पुष्कळसे दुष्परिणाम या हिशेबातच दडलेले आहेत. गुलेन-बॅरीत रुग्णाच्या वजनाच्या दर किलोस रोज ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस औषध देतात. साठ किलो वजनाच्या माणसास रोज २४ ग्रॅम, आणि पाच दिवसांत १२० ग्रॅम! इतके परके प्रथिन इतक्या थोड्या अवधीत रक्तात मिसळले म्हणजे रक्त काहीसे दाट होणार, मूत्रपिंडांवर व हृदयावर भार येणार, हे उघड आहे. शिवाय त्या प्रथिनात हजारो माणसांची प्रतिपिंडे आहेत, तेव्हा त्यांतील काहींची रुग्णाच्या स्वतःच्या पेशींशी तंटा करण्याची शक्यता असते; आणि औषध बाटलीत टिकून राहावे म्हणून त्यात मिसळलेली साखर किंवा अमिनो आम्ल हा तिसरा सोबती असतो, त्याचेही स्वतःचे काही गुणदोष आहेत. प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि हे औषध यांना एकाच मापाने मोजू नये असे मी म्हणतो ते याचसाठी.

औषध सुरू होण्यापूर्वी रुग्णाची कैफियत डॉक्टरांपुढे पूर्णपणे मांडणे हे नातलगांचे पहिले कर्तव्य होय, आणि घाईत नेमकी येथेच हयगय होते. मधुमेह आहे काय, मूत्रपिंडांचा विकार पूर्वी कधी झाला होता काय, हृदय अशक्त आहे काय, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती काय, अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे काय, स्त्री रुग्ण असल्यास गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत काय, अर्धशिशीचा त्रास आहे काय, पूर्वी रक्त किंवा रक्तघटक दिले असता अंगावर पित्त उठले होते काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर औषधाचा वेग, त्याचा प्रकार व सोबतची तजवीज बदलू शकते. फार थोड्या माणसांच्या रक्तात आयजीए नावाच्या प्रतिपिंडाचा पूर्ण अभाव असतो आणि त्याच्याच विरुद्धची प्रतिपिंडे मात्र असतात. अशांना या औषधातील लेशमात्र आयजीएनेही तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून पूर्वीचा कोणताही अनुभव क्षुल्लक समजून लपवू नये. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या किंवा सांधेदुखीसाठी घरी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्यांचीही नावे सांगावीत.

याच सुमारास रक्ताचे काही नमुने आगाऊ घेतलेले बरे. क्रिएटिनिन, रक्तपेशींची गणना आणि रक्तगट यांची नोंद हाताशी असली म्हणजे पुढे काही बिघडल्यास तुलना करता येते. त्याहून महत्त्वाची आणि बहुधा विसरली जाणारी गोष्ट अशी की, ज्या तपासण्या रक्तातील प्रतिपिंडे शोधून रोगाचे निदान करतात, त्यांचा नमुना औषध सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. एकदा दात्यांची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात मिसळली की कावीळ बीच्या एखाद्या तपासणीत ‘पूर्वी संसर्ग झाला होता’ असा निष्कर्ष खुशाल येतो, आणि ज्यास ती कावीळ कधी झालीच नाही अशा माणसाच्या घरी विनाकारण चिंतेचे वातावरण पसरते.

आपल्याकडे पुष्कळदा हे औषध इस्पितळाबाहेरच्या दुकानातून नातलगांनाच आणावे लागते, म्हणून वाहतुकीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. बहुतेक कंपन्यांचे औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावयाचे असते. काहींना २५ अंशांपर्यंत मुभा असते. ते वेष्टनावर लिहिलेले असते. परंतु गोठलेले औषध कोणाचेही असो, ते निकामी समजावे. भर उन्हात दुचाकीच्या हँडलला पिशवी लटकावून आणलेली बाटली आणि अतिकाळजीने थेट बर्फाच्या खड्यांत पुरून आणलेली बाटली या दोन्ही सारख्याच वाईट. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची किंवा जाड कागदाची घडी आणि त्यावर खोक्यासकट बाटली, अशा रीतीने ती आणावी. ती हलवून फेसाळवू नये. द्रव गढूळ दिसल्यास किंवा त्यात कण तरंगताना दिसल्यास ते परत करावे. दुकानदाराकडून बॅच क्रमांकासह पक्की पावती घ्यावी, आणि रिकाम्या खोक्यांवरील नावाचा व बॅच क्रमांकाचा भाग कापून वहीत चिकटवावा. माझ्या भावाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधाचे नाव होते, मात्रा होती, पण कंपनी कोणती आणि बॅच कोणती याचा मागमूस नव्हता. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा उत्तर सापडले ते वहीत चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या त्या चतकोर तुकड्यांवर. शक्य असेल तेथवर पाचही दिवस एकाच कंपनीचे औषध द्यावे, कारण मध्येच कंपनी बदलली असता थंडीतापाचा उपद्रव वाढण्याचा संभव असतो.

आता प्रत्यक्ष औषध सुरू झाले असे समजू. पहिला अर्धा तास ते एक तास हा सर्वांत दक्षतेचा. दहा टक्के तीव्रतेचे औषध असल्यास आरंभीचा वेग साधारणतः ताशी दर किलोस अर्धा मिलिलिटर इतकाच ठेवतात. साठ किलोंच्या माणसास ताशी तीस मिलिलिटर, म्हणजे वीस थेंबांना एक मिलिलिटर देणाऱ्या नेहमीच्या नळीतून मिनिटास केवळ दहा थेंब. बाजूच्या खाटेवरील सलाईन झरझर चाललेले असताना आपल्या रुग्णाच्या बाटलीतून सहा-सहा सेकंदांनी एक थेंब गळताना पाहणे उशाशी बसलेल्यास असह्य होते, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु तो संथपणा हाच या औषधाच्या बहुसंख्य उपद्रवांवरचा पहिला उपाय आहे. दर पंधरा ते तीस मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ताप पाहून, सारे ठीक असल्यास, वेग पायरीपायरीने वाढवितात. इन्फ्युजन पंप उपलब्ध असल्यास तो अवश्य मागावा.

आमच्याकडे पहिल्या रात्री औषध सुरू होऊन वीस मिनिटे झाली असतील, तोच भाऊ म्हणाला, “दादा, थंडी वाजतेय रे.” पाहता पाहता त्याचे दात वाजू लागले, खाटेची कड खडखडू लागली, कंबर धरल्यासारखी झाली असे तो सांगू लागला. सिस्टरांनी प्रथम नळीचे चक्र बंद केले, रक्तदाब पाहिला, पॅरासिटामॉल व ॲलर्जीविरोधी औषध दिले, दोन घोंगड्या पांघरल्या. आणि अर्ध्या तासाने थंडी ओसरल्यावर पूर्वीच्या निम्म्या वेगाने पुन्हा औषध चालू केले. पहाटेपर्यंत ते निर्विघ्नपणे पार पडले. दुसऱ्या रात्री मात्र, रुग्णास लवकर झोप मिळावी अशा निखळ मायेने, भेटीस आलेल्या आमच्या मामांनी कोणाच्या नकळत ते चक्र सैल केले, आणि थेंबांची धार होऊन दहाच मिनिटांत पुन्हा तोच प्रकार, यावेळी उलट्यांसह, घडला. मामांना दोष देण्याचे माझ्या मनात नाही. सलाईन ‘लवकर संपवणे’ म्हणजे रुग्णाची सुटका करणे अशी आपल्या सर्वांची समजूत असते. पण ते चक्र परिचारिकेखेरीज कोणीही फिरवू नये, ही सूचना घरातील प्रत्येक भेटकऱ्यास स्पष्टपणे द्यावी.

थंडी, ताप, डोके जड होणे, अंग व कंबर दुखणे, मळमळ, चेहरा लाल होणे, छातीत किंचित धडधड, हे या वेळचे नेहमीचे त्रास होत. वेग कमी केल्याने किंवा थोडा वेळ थांबल्याने ते बहुधा शमतात, आणि त्यांच्यामुळे उपचार कायमचा सोडून देण्याचे कारण नसते. पहिल्याच खेपेस, दीर्घ खंडानंतर, किंवा अंगात आधीच जंतुसंसर्ग असताना ते अधिक दिसतात. म्हणून अशा वेळी डॉक्टर पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध आणि क्वचित स्टेरॉइड आधीच देऊन ठेवतात. याच्या उलट, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर पित्ताच्या गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा होणे, घोंघावणारा श्वास, एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता सिस्टरांना हाक मारावी. तेथे औषध तत्काळ थांबवून ॲड्रेनॅलिन द्यावे लागू शकते. तशी ॲलर्जी विरळ आहे, परंतु तिच्यासाठी लागणारे साहित्य जेथे हाताशी असते तेथेच हे औषध घ्यावे. खर्च वाचवण्यासाठी घरच्या घरी सलाईन लावून ते घेण्याची तजवीज कोणी सुचविल्यास तिला निक्षून नकार द्यावा.

गुलेन-बॅरीच्या रुग्णाबाबत येथे एक विशेष सावधगिरी सांगणे भाग आहे. या व्याधीत श्वासाचे स्नायूच दुर्बळ होऊ शकतात आणि रक्तदाब व नाडी यांची चढउतार मूळ व्याधीमुळेही होते. त्यामुळे धाप लागणे, एका श्वासात पूर्वीइतके अंक मोजता न येणे, आवाज बारीक होणे, गिळताना ठसका लागणे, ही लक्षणे ‘औषधाचा त्रास असेल, उतरेल’ असे म्हणून सोडून देणे प्राणघातक ठरू शकते. कारण औषध असो वा व्याधी, निर्णय डॉक्टरांनीच आणि त्याच क्षणी करावा. उलटपक्षी, औषध चालू असतानाही दोन-तीन दिवस पायांची शक्ती आणखी घटत गेली तर ते औषधाने बिघडवले असे मानू नये. व्याधीची चाल तशी असते आणि औषधाचा गुण दिसण्यास अवधी लागतो.

त्या दिवसाचे औषध संपले, भेटीस आलेली माणसे पांगली, आणि मग येते ती डोकेदुखी. या औषधाच्या साऱ्या उपद्रवांत हिचा क्रमांक बहुधा पहिला लागतो, आणि तिचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. साधी डोकेदुखी पॅरासिटामॉलने, विश्रांतीने व पुरेशा पाण्याने हटते. दुसरी मात्र औषधानंतर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान उद्भवते. तीत डोके फुटते की काय असे वाटते, उजेड सहन होत नाही, मान ताठते, उलट्या होतात, ताप येतो. मेंदूच्या आवरणास आलेली ही सूज जंतूंमुळे आलेली नसते, आणि ती काही दिवसांत मागे कोणतीही खोड न ठेवता बरी होते. परंतु जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लक्षणेही हुबेहूब अशीच असल्यामुळे कदाचित पाठीतील पाणी तपासून खात्री करून घ्यावी लागते. अर्धशिशीची सवय असलेल्यांना हा त्रास होण्याचा संभव अधिक. माझ्या भावास तिसऱ्या दिवशी असे झाले. खिडकीला जुन्या चादरीचा पडदा लावून, खोलीतला दिवा मालवून तो दोन दिवस पडून होता, आणि पुढच्या मात्रांचा वेग डॉक्टरांनी आणखी कमी केला. औषध घेण्याच्या आदल्या दिवसापासून, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे बंधन नसेल तर, पाणी व पातळ पदार्थ भरपूर घ्यावेत. तहानलेल्या शरीरात हे दाट द्रव्य सोडणे डोक्यासही वाईट आणि मूत्रपिंडांसही. दुखणे थांबवण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत, कारण त्यांचा मारा त्याच मूत्रपिंडांवर होतो.

मूत्रपिंडांची गोष्ट साखरेशी जोडलेली आहे. पूर्वी या औषधाच्या टिकाऊपणासाठी साधी साखर, म्हणजे सुक्रोज, पुष्कळ वापरीत. तोंडावाटे खाल्लेली साखर आतड्यांत फुटते. शिरेत गेलेली तशीच मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांपर्यंत पोचून तेथील पेशींत शिरते, पाणी ओढून घेते, आणि त्या पेशी फुगून लघवीचा मार्गच अडतो. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील औषध नियंत्रकांनी याविषयी जाहीर इशारा दिला, आणि आज अनेक कंपन्यांच्या औषधात सुक्रोजऐवजी ग्लायसीन, प्रोलीन यांसारखी अमिनो आम्ले असतात. तरीही वृद्ध, मधुमेही आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुर्बळ आहेत अशांसाठी ‘यात सुक्रोज आहे काय’ हा प्रश्न अवश्य विचारावा. औषध चालू असताना आणि त्यानंतर आठवडाभर लघवीचे प्रमाण मोजून वहीत लिहावे. ते नेहमीच्या निम्म्याहून कमी झाले, पायांवर सूज आली किंवा वजन झपाट्याने वाढू लागले तर क्रिएटिनिनची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

दुसऱ्या एका साखरेची कथा याहून कमी लोकांना ठाऊक आहे, आणि आपल्या मधुमेहींच्या देशात ती तर घरोघर सांगितली पाहिजे. काही औषधांत माल्टोज असते. ते रक्तात फिरत असताना विशिष्ट पद्धतीवर चालणारे ग्लुकोमीटर त्यालाच ग्लुकोज समजतात आणि रक्तातील साखर आहे त्याहून कितीतरी जास्त दाखवतात. तो आकडा प्रमाण मानून इन्सुलिन वाढवले, तर प्रत्यक्षात साखर पुरेशीच किंवा कमी असलेला रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. असे मृत्यू परदेशांत घडले आहेत. म्हणून मधुमेही रुग्णाने औषधात माल्टोज आहे काय ते विचारावे, आणि असल्यास बोटाला टोचून पाहण्याच्या यंत्रावर विसंबून न राहता प्रयोगशाळेतील तपासणीवरच इन्सुलिनचे प्रमाण ठरवावे. घाम सुटला आहे, हात कापत आहेत, बोलणे असंबद्ध झाले आहे, आणि यंत्र मात्र तीनशे दाखवते आहे, अशा वेळी विश्वास रुग्णाच्या लक्षणांवर ठेवावा. (सॉर्बिटॉल असलेले औषध फ्रुक्टोज न पचण्याचा जन्मजात दोष असलेल्या बालकांना देऊ नये, एवढे जाता जाता.)

रक्ताच्या गुठळीचा धोका हा यांतील सर्वांत गंभीर. २०१३ पासून अमेरिकेत या वर्गातील प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर त्याचा इशारा चौकटीत छापावा लागतो. वार्धक्य, अंथरुणाला खिळलेली अवस्था, पूर्वी झालेली गुठळी, गर्भनिरोधक गोळ्या, मोठ्या शिरेत घातलेली नळी, यांमुळे तो वाढतो. आणि हातपाय लुळे पडलेला गुलेन-बॅरीचा रुग्ण तर निश्चल पडून राहतोच. एकाच पोटरीस सूज, तेथे ऊन लागणे व दुखणे, छातीत एकाएकी कळ, धाप, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, अशी लक्षणे पहिल्या दिवशी जशी येतील तशीच काही दिवसांनी, घरी गेल्यावरही येतील. पाय हलते ठेवण्याचा व्यायाम आणि आवश्यक वाटल्यास गुठळी न होऊ देणारी इंजेक्शने, यांविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. याच संदर्भात एक कळकळीची विनंती. रुग्ण पाच दिवसांत उठला नाही म्हणून नातलग पुष्कळदा ‘आणखी एक कोर्स द्या’ असा आग्रह धरतात, प्रसंगी दागिने गहाण टाकूनही पैसे उभे करतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचे भवितव्य बिकट दिसत होते अशा गुलेन-बॅरीच्या रुग्णांना लगेच दुसरा कोर्स दिल्याने काही लाभ झाला नाही, आणि गुठळीसह गंभीर उपद्रव मात्र अधिक झाले. तेव्हा डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात ते हात आखडून नव्हे.

घरी परतल्यावर पहिल्या दहा दिवसांत लघवीचा रंग पाहत जावा. रुग्णाचा रक्तगट ए, बी किंवा एबी असेल तर दात्यांच्या प्रतिपिंडांत त्याच्या लाल पेशींविरुद्ध असलेली प्रतिपिंडे त्या पेशी फोडू शकतात, विशेषतः एकूण मात्रा मोठी असताना; ओ गटाच्या माणसास हे भय नाही. काळ्या चहासारखी गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, चार पावले चालताच दम, चेहरा पांढुरका, अशी त्याची खूण असते. हिमोग्लोबिन व कूम्ब्ज तपासणी केल्यावर निर्णय होतो. बहुतेकदा थोडी वाट पाहणे पुरते, क्वचित रक्त द्यावे लागते. पांढऱ्या पेशीही काही दिवस कमी दिसतात आणि आपोआप पूर्ववत होतात. आठ-दहा दिवसांनी तळहातांवर खाजणारे बारीक पाणीदार फोड उठले तर ती देवी नव्हे, कांजिण्या नव्हेत; याच औषधाने होणारा तो एक इसब आहे आणि मलमाने बरा होतो.

परक्यांच्या रक्तापासून बनलेले औषध म्हटल्यावर कावीळ आणि एचआयव्ही यांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. १९९४ च्या सुमारास परदेशात एका कंपनीच्या औषधातून हेपॅटायटिस सीचा संसर्ग काही रुग्णांना झाला होता, ही गोष्ट खरी. तेव्हापासून रक्तद्रवावर विषाणूंचे आवरण विरघळवणारी द्रव्ये, उष्णता, आम्लता आणि अतिसूक्ष्म गाळण्या यांची प्रक्रिया एकाहून अधिक पायऱ्यांनी केली जाते. एचआयव्ही या औषधातून पसरल्याचे कधी सिद्ध झालेले नाही. या धास्तीपायी आवश्यक औषध नाकारू नये.

ज्या मुलांना जन्मजात उणिवेमुळे दर तीन-चार आठवड्यांनी हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते, त्यांच्या आईवडिलांस माझ्या वहीची गरज नाही; ते स्वतःच जाणकार झालेले असतात. शिरेतून घेताना वारंवार डोके दुखत असेल तर त्वचेखाली थोडेथोडे टोचावयाचा पर्याय आहे, त्यात अंगभर होणारे त्रास पुष्कळ कमी असतात. तो आपल्या मुलास योग्य आहे काय हे विचारावे. अशा विकारांच्या निदानाचे काम मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत चालते.

कोणताही गंभीर किंवा अनपेक्षित दुष्परिणाम आढळल्यास त्याची नोंद शासनदरबारी व्हावी. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातलगही ती करू शकतात. तेथे औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक, तारीख आणि घडलेला प्रकार विचारतात, आणि वही ठेवलेली असेल तर हे सारे दोन मिनिटांत सांगता येते.

राहता राहिले ते पुढचे काही महिने. या औषधानंतर काही आठवडे रक्तातील ईएसआर वाढलेला दिसतो, तो आजार उलटल्याची खूण नसतो. सोडियम किंचित कमी दिसते, तेही पुष्कळदा मोजणीच्या पद्धतीमुळे. रक्त तपासणाऱ्यास व नव्या डॉक्टरास औषधाची तारीख आधी सांगितली म्हणजे गैरसमज टळतात. आणि लहान मुलांच्या बाबतीत लसींचे वेळापत्रक बदलते. दात्यांची प्रतिपिंडे मुलाच्या अंगात असताना गोवर, रुबेला, गालगुंड आणि कांजिण्या यांच्या जिवंत लसी रुजत नाहीत. कावासाकी आजारासाठी दर किलोस २ ग्रॅम मात्रा मिळालेल्या मुलास त्या अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस आणि मृत विषाणूंच्या लसी यांना ही अडचण नाही. म्हणून इस्पितळातून घरी येताच मुलाच्या लसीकरण कार्डावर, लाल शाईने, औषधाची तारीख आणि मात्रा लिहून घ्यावी. जानेवारीत औषध मिळालेल्या बालकाची गोवर-रुबेलाची लस डिसेंबरात येते.